मुंग्या लागलेली पेटी

१

"फोन उचलायचाच पगार आहे ना तुमचा, वनजाबाई? मग तो उचलायला काय होतं?"

साकेत व्हॅनची किल्ली बोटाभोवती गरागरा फिरवत आत आला, तो नेमका या वाक्यावर. किल्ली जागच्या जागी थांबली.

काउंटरच्या पलीकडं त्याची आत्या वनजा उभी होती. अलीकडं ट्रस्टचे सेक्रेटरी गुंडेराव. बँकेतून रिटायर झालेला माणूस, पण अजून समोरच्याकडं असा बघायचा की जसा त्याचा चेक परत आलाय.

"आला असता तर उचलला असता," आत्या म्हणाली. "आलाच नाही."

"रिंग जात होती हो. पुरी रिंग. पिरियापट्टणहून सहाना काल दिवसभर लावत होती. व्हॅन पाठवा म्हणून सांगायला. कोणी घेतला नाही. शेवटी आज पहाटे बापाला तंबाखूच्या टेम्पोत घालून आणलं तिनं. गंगाधररावांचा श्वास कुठवर आला होता, बघितलात ना तुम्ही?"

बघितलं होतं. सगळ्यांनीच बघितलं होतं. कुवेंपुनगरातलं हे डायलिसिस सेंटर तसं लहान, पण आसपासच्या तालुक्यांतले म्हातारे त्याच्यावर जगत होते. फोन करायचा, व्हॅन जायची, पेशंट यायचा, मशीनवर झोपायचा, व्हॅन परत सोडायची. फोन आत्याचा, व्हॅन साकेतची. इतकी साधी गोष्ट.

"फोनच बिघडला असंल," साकेत मध्ये घुसला.

गुंडेरावांनी काउंटरवरचा रिसीव्हर उचलला आणि त्याच्या कानाला लावला. टूं करून सरळ आवाज येत होता.

"बिघडलाय? आणि तुला विचारलंय कोणी? काल दसऱ्याची गर्दी, व्हॅन काढायची नव्हती तुला. आत्या भाच्याचं काय ठरलं होतं, मला काय गोत्तु, काय माहीत?"

"तोंड सांभाळून बोला."

"साकेत, सुम्ने बस," आत्या म्हणाली. गप बस. ती कानडीत गेली की ऐकायचं असतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तरी तो बसला नाही.

"संध्याकाळी कमिटी आहे," गुंडेराव छत्री उचलत म्हणाले. "प्रेसिडेंट अज्जा येतील. रिसेप्शनला दुसरी बाई घ्यायची, हा विषय मी मांडणार आहे. सॉरी, पण माणूस मेला असता."

"संध्याकाळपर्यंत कोणी केलं ते मी दाखवतो. आणि मग सॉरी मोठ्यानं म्हणायचं, कमिटीसमोर."

गुंडेराव गेले. साकेत वळला तर आत्या खुर्चीत बसली होती आणि एका बोटानं डाव्या कानाची पाळी दाबत होती.

"साकेत," ती हळूच म्हणाली, "खरं सांगू? फोन वाजला असंल आणि मलाच ऐकू आला नसंल, असं झालं असंल का रे?"

२

नोकरी जाण्यापेक्षा हे वाईट होतं. आई गेल्यावर साकेतला याच आत्यानं वाढवलं, याच काउंटरमागं बसून. नववीत त्यानं गणिताच्या सरांशी भांडून शाळा सोडली तेव्हा सगळं घर ओरडलं, ही एकटी म्हणाली, जेव आधी. ती स्वतःच्या कानावरच शंका घेत बसली होती, आणि त्याला कोणाला तरी धरून हलवावंसं वाटत होतं. पण धरायचं कोणाला?

तो आधी गंगाधररावांकडं गेला. म्हातारा मशीनला जोडलेला, नळीतून रक्त फिरत होतं, आणि चेहऱ्यावर असं समाधान की लग्नात पहिल्या पंगतीला बसलाय.

"ये बा साकेत. आत्याला काही बोलू नका म्हणावं त्या सेक्रेटरीला."

"तिनं फोन उचलला नाही म्हणतायत."

"असंल काही कारण. इतकी वर्षं उचलला तो कोण मोजतो? या मशीनवर मी दोन नातवंडं बघितली. कोणाला नावं ठेवू मी?"

सहाना शेजारी स्टुलावर डोळे चोळत बसली होती. तिनं मोबाइल पुढं केला. नंबर बरोबर होता. सेंटरच्या कार्डावरचाच.

"रिंग जायची, बराच वेळ जायची, मग आपोआप कट," ती म्हणाली. "मला राग आला होता हो. आता नाही. अप्पा बोलतात तेव्हा राग राहत नाही."

साकेतचा राहिला होता. बाहेर येऊन त्यानं मनातल्या मनात माणसं उभी केली. एक गुंडेराव. त्यांची पुतणी बी.कॉम. होऊन घरी बसली होती, आणि रिसेप्शनची खुर्ची तिला बरोबर बसली असती. दुसरी पूजिता. जयलक्ष्मीपुरमला राहणारी नेटवर्क इंजिनियर. जुने फोन काढून नवी सिस्टीम तिनंच बसवली होती, आणि दर वर्षीच्या देखभालीचं कंत्राट द्या म्हणून ती मागं लागली होती. काहीतरी बिघडल्याशिवाय कंत्राट कोण देतो? तिसरं कोणी सुचेना. तिसरा तो स्वतः होता, गुंडेरावांच्या हिशेबात.

तो आत्याकडं परतला. "परवापासून फोन एकदाही वाजला नाही? नीट आठव."

"वाजला की. एकदोन रॉन्ग नंबर आले." आत्या जरा विचारात पडली. "काल एक गृहस्थ होते. नोव्हेंबरातला शुक्रवार मोकळा आहे का, विचारत होते. मी म्हटलं, नवीन पेशंटला आधी रिपोर्ट आणावे लागतात. तर म्हणाले, मुंज आहे आमच्याकडं, रिपोर्ट कसले? आणि ठेवला फोन. चेष्टा करतात लोक."

साकेतला हसू आलं, आणि मग एकदम काहीतरी लक्षात आलं.

"तो ऐकू आला ना तुला? म्हणजे कान ठीक आहे तुझा."

आत्यानं पाळीवरचं बोट काढलं.

"आणि तू काय मला उलटतपासणी करतोस?" आता तिला जोर आला. "परवा आयुधपूजेनंतर नारळ आण सांगायला मी इथनं फोन केला, तर तू कट केलास. दोनदा."

"मी? तुझा फोन आलाच नाही मला."

"आला नाही कसा? रिंग गेली, आणि तू कट केलास."

"आत्या, तुझा नंबर माझ्याकडं सेव्ह आहे. तुझा फोन आला आणि मी कट केला, असं कधी झालंय?"

 खोटं दोघंही बोलत नव्हते. मग खोटं कोण बोलत होतं?

३

बोलावल्यावर पूजिता स्कूटीवरून आली, हेल्मेट न काढताच आत शिरली आणि लॅपटॉप उघडून बसली. ती घरी मराठी बोलायची, पण कामाचं बोलायला लागली की निम्मे शब्द कानडी आणि निम्मे इंग्रजी.

"तुम्हीच काहीतरी केलंय," साकेतनं सुरुवातच तिथनं केली.

"मी? परवापासून मी अम्माच्या घरी होते, नवरात्रात मांडतात त्या बाहुल्यांच्या आरतीला. मी येऊन तुमचा फोन बिघडवू? एवढा रिकामा वेळ आहे मला?"

"कंत्राट हवंय तुम्हाला."

"हवंय. म्हणूनच फोन चांगला चालायला पाहिजे, मूर्ख." तिनं हेल्मेट काढलं. "स्वल्प गप राहा. बघू दे."

ती बघत राहिली आणि हळूहळू तिच्या कपाळावर आठी पडली. साकेतनं ती बरोबर टिपली. बिघाड सापडला की माणसाची आठी जाते. हिची येत होती.

"काय झालं?"

"काहीच नाही झालं. तोच प्रॉब्लेम आहे. सगळं बरोबर आहे." तिनं लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. दोन हिरवे ठिपके. "तुमच्याकडं दोन गेटवे आहेत. गेटवे म्हणजे ही पेटी. जुने साधे फोन हिला जोडायचे, ही त्यांना नेटवर्कवर घेते. एक इथं, रिसेप्शनला. एक मागच्या हॉलच्या ऑफिसात."

मागं अंगणापलीकडं ट्रस्टचा लग्नाचा हॉल होता. त्याच्या भाड्यावर सेंटर चालायचं. आधी पितृपक्ष, मग नवरात्र, लग्नंकार्यं नाहीत, म्हणून हॉलला महिनाभर कुलूप होतं आणि तिथला मॅनेजर गावी गेला होता.

"दोन्ही पेट्या चालू. दोघींचे पत्ते बरोबर. दोघींची सेटिंग बरोबर. कोणी छेडछाड केली असती तर इथं दिसली असती."

"पत्ता म्हणजे?"

पूजितानं आत्याकडं बघितलं. आत्या पण ऐकत होती. मग पूजिता कॉलेजात शिकवल्यासारखं नाही, गोष्ट सांगितल्यासारखं सांगायला लागली.

"ही पेटी चालू होते ना, तेव्हा तिला काहीच माहीत नसतं. आपण कोण, आपला पत्ता काय, आपले नंबर कोणते, काही नाही. ती नेटवर्कवर हाक मारते. कोणी आहे का, मला पत्ता द्या. आतल्या खोलीतला सर्व्हर ती हाक ऐकतो. प्रत्येक पेटीच्या पोटात कारखान्यातच एक खूण घातलेली असते. ती खूण बघून तो ओळखतो, अरे, ही आपली अमुक पेटी. मग तिला तिचा पत्ता देतो. आणि सांगतो, तुझी सेटिंगची फाइल इथं ठेवलीय, घे. पेटी फाइल घेते, आपले नंबर लावून घेते, कामाला लागते. माणसानं बटणसुद्धा दाबायचं नाही."

"लेकरू शाळेत घातल्यासारखं," आत्या म्हणाली. "हाक मारली, हजेरी लागली, बाकावर बसलं."

"करेक्ट. हातानं सेटिंग घातली की चुका होतात. म्हणून मी सगळं ऑटोमॅटिक ठेवलं. वीज जाऊ दे, वायर काढा, परत लावा, काही बिघडत नाही."

"मग रिंग कुठं जात होती?" साकेत म्हणाला.

"गोत्तिल्ला," पूजिता म्हणाली, आणि त्याला पहिल्यांदाच तिचं पटलं. माहीत नाही, हे माहीत नसलेल्या माणसासारखंच म्हणाली ती.

तिनं पेटी भिंतीच्या फळीवरून उचलली, मागच्या वायर बघायला वळवली, आणि झटक्यात हात झाडला.

"अय्यो. तुमच्या फोनमध्ये मुंग्या आहेत."

४

"पूजेपासून आहेत," आत्या म्हणाली. "मी रोज पुसते. प्रसाद सांडला असंल कुठं."

पेटीच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या बाजूला, गंधाची तीन बोटं आणि मध्ये कुंकू होतं. परवाच्या आयुधपूजेचं.

म्हैसुरात आयुधपूजेला दुकानातला तराजू, सुताराची करवत, बसचं स्टीअरिंग, सगळ्याला हार घालतात, पण या ट्रस्टची पूजा जरा जास्तच. प्रेसिडेंट मालोजीराव, ज्यांना सगळे अज्जा म्हणत, त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते. घरात तलवार होती. दर वर्षी ते ती सेंटरमध्ये घेऊन यायचे, लाल कापडावर ठेवायचे, आणि म्हणायचे, ज्यानं ज्यानं आपल्यासाठी वर्षभर काम केलं ते सगळं हिच्या शेजारी येऊ दे. मग स्टेथोस्कोप यायचा, वजनकाटा यायचा, हॉलमधला मोठा झारा यायचा, व्हॅनची किल्ली यायची. पेशंटवर चालू असलेल्या मशीनला जागच्या जागी कुंकू. आणि यंदा नव्या फोनच्या पेट्या पण आल्या होत्या. पुसल्या, गंध लागलं, शेवंती वाहिली. अज्जा डोळे मिटून हात जोडून बराच वेळ उभे राहिले होते. आभार मानताना ते घाई करत नसत.

साकेत मुंग्यांच्या मागं गेला. रांग भिंतीवरून खाली येत होती, फळीवरून वळत होती, आणि पेटीच्या बाजूच्या बारीक फटींमधून आत जात होती. प्रसाद बाहेर सांडला असता तर मुंग्या बाहेर असत्या. या आत चालल्या होत्या.

त्यानं पेटी नाकाशी नेली.

"काय करतोस?" पूजिता म्हणाली.

"तूप," तो म्हणाला. "आणि पिठीसाखर. चिरोटीचा वास आहे हा."

"इथं चिरोटी कुठली?" आत्या म्हणाली. "इथं डायबेटिसचे पेशंट. मी साखरेचा डबासुद्धा ठेवत नाही."

 साकेतनं खिशातून मोबाइल काढला आणि परवाच्या कॉलवर गेला. दोन कट केलेले कॉल होते. अनोळखी नंबर. कर्ज हवंय का विचारणारे असतील म्हणून त्यानं तोडले होते. वेळ बघितली. पूजेनंतरचीच.

त्यानं तो अनोळखी नंबर लावला.

काउंटरवरचा फोन खणखणला.

आत्यानं सवयीनं उचलला. "नमस्कार, डायलिसिस सेंटर." आणि तिचाच आवाज साकेतच्या कानातून परत आला. तिनं रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं.

"ठेव," तो म्हणाला. "आता गप राहा सगळे."

त्यानं कार्डावरचा नंबर लावला. सेंटरचा. जो सहानानं काल दिवसभर लावला होता. कानात रिंग वाजायला लागली, पुरी, स्पष्ट. काउंटरवरचा फोन मात्र मुका बसला होता.

आणि मग मागच्या खिडकीतून, अंगणापलीकडून, महिनाभर कुलूप असलेल्या हॉलमधून, फोन वाजल्याचा आवाज आला.

५

तिघंही हॉलच्या पायरीवर उभे होते. आत रिंग वाजून वाजून थांबली. दाराला हे भलंमोठं कुलूप.

पूजिता पायरीवर मटकन बसली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"पेट्यांची अदलाबदल झाली," ती म्हणाली. "अगदी सारख्या दिसतात. हॉलची पेटी रिसेप्शनला आली, रिसेप्शनची हॉलला गेली. चालू झाल्या, हाक मारली, सर्व्हरनं दोघींना बरोबर ओळखलं. बरोबर पत्ता दिला, बरोबर फाइल दिली. म्हणून नंबर पेटीबरोबर गेला. सेंटरचा नंबर हॉलमध्ये, हॉलचा नंबर सेंटरमध्ये. मला स्क्रीनवर पेटी दिसते रे, भिंत दिसत नाही."

"म्हणून मुंजीवाल्याचा फोन आत्याला आला."

"हो. त्याला हॉल हवा होता."

"आणि रिसेप्शनला आलेली पेटी आधीपासून हॉलच्या ऑफिसात होती. तिथं मॅनेजर मिठाईच्या परड्या ठेवतो, तिच्या खालीच. मुंग्यांना तिचं घर माहीत होतं. आपल्याला नव्हतं."

आत्या हसली नाही. ती कुलपाकडं बघत होती. साकेत पण बघायला लागला, आणि त्याला परवाची पूजा आठवली.

पूजा झाल्यावर त्या लाल कापडावरची वस्तू परत जागेवर कोणी ठेवायची, याचा अज्जांच्या घरात नियम होता. शस्त्र घरातला सगळ्यात मोठा पुरुष परत ठेवतो. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. परवा अज्जांनी एकट्यानं सगळं परत ठेवलं होतं. तलवार म्यानात, किल्ली साकेतच्या हातात, पेट्या आपापल्या फळीवर, पूजितानं मारून ठेवलेल्या खुणांप्रमाणं वायरसुद्धा खोचून. ऐंशीच्या घरातला माणूस, एका डोळ्याला मोतीबिंदू. आणि हॉलला कुलूप लावून किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधून घरी गेले होते. दुसरी किल्लीच नव्हती.

म्हणजे दुसरं कोणी असूच शकत नव्हतं.

नववी सोडलेल्या पोराला गॅरेजवाल्यानंसुद्धा दारात उभं केलं नव्हतं. अज्जांनी त्याला ड्रायव्हिंग शिकायला पाठवलं, लायसन्स मिळेपर्यंत बागेला पाणी घालायला ठेवलं, आणि एका आयुधपूजेला लाल कापडावरून किल्ली उचलून त्याच्या हातात दिली. म्हणाले, लोकांचे आईबाप असतात यात, गचके देऊ नकोस. त्या दिवसापासून त्यानं गचका दिला नव्हता.

"नाव घ्यायचं नाही," आत्या म्हणाली.

"मग तुझी नोकरी?"

"कान ठीक आहे माझा. मला तेवढं पुरे."

"मला नाही पुरे," साकेत म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यालाच ते विचित्र वाटलं.

६

कमिटी म्हणजे रिसेप्शनच्या चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि फिल्टर कॉफी. अज्जा काठी टेकत आले, बसले. गुंडेराव विषय काढायला लागले, तेवढ्यात साकेत पुढं झाला.

"फोन वाजत होता," तो म्हणाला. "हॉलमध्ये. पेट्या बदलल्या गेल्या होत्या. आत्याची काही चूक नाही."

आणि त्यानं सगळं सांगितलं. मुंग्या, चिरोटी, मुंज, कट केलेला फोन. पूजितानं पत्त्याचं सांगितलं. गुंडेरावांनी स्वतःच्या मोबाइलवरून दोन्ही नंबर लावून बघितले. शंका घेणारा माणूस, पण पुरावा दिसला की मान हलवणारा.

"आयतु. पटलं," ते म्हणाले. "पण बदलल्या कोणी?"

साकेतनं किल्ली खिशात घातली आणि परत काढली. आत्या कॉफीचे पेले उगीच सरळ करत होती. पूजिता लॅपटॉपमध्ये बघत होती, आणि लॅपटॉप बंद होता.

"काय झालं रे?" अज्जा म्हणाले. "सकाळी तर म्हणे तू कमिटीसमोर नाव घेणार होतास. गुंडेराव सांगत होते."

"पूजेच्या गडबडीत झालं अज्जा. कोणाच्या तरी हातून."

 अज्जांनी हळूच करगोट्याची किल्ली सोडवली आणि त्याच्यापुढं धरली. "तिकडची पेटी आण."

साकेतनं आणली. अज्जांनी दोन्ही पेट्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या, डोळ्याजवळ नेल्या, बोटांनी चाचपल्या. दोघींच्या कपाळावर गंधाची तीन बोटं. दोघींवर त्यांचीच.

"जुळ्याच आहेत," ते म्हणाले. "परत ठेवायला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. मग कोणाच्या तरी हातून काय म्हणतोस, माझ्या हातून म्हण की."

 आतून मशीनची बारीक घरघर ऐकू येत होती.

"मला सांभाळायला बघत होतास," अज्जा म्हणाले. "गचका न देता. बरं वाटलं. पण वनजाच्या नावाला बट्टा ठेवून नको रे."

पेट्या काउंटरवर ठेवायला साकेतच्या हातात देऊन ते काठीवर जोर देऊन उठले. गुंडेराव हात द्यायला पुढं झाले, तो त्यांनी घेतला नाही. काउंटरपर्यंत गेले.

"वनजा, पोरी, तलवारीचे आभार मानले. झाऱ्याचे मानले. या पेटीसमोर हात जोडून उभा राहिलो. पेटी वाजल्यावर जी उचलते तिला विसरलो. आणि वर तिच्यावरच आळ आला, माझ्यापायी."

एका पेटीवर वाहिलेली शेवंती अजून कडेला अडकली होती, जरा सुकलेली. ती त्यांनी काढली आणि आत्याच्या पुढ्यात ठेवली, दोन्ही हातांनी, ते देवाला ठेवायचे तशी.

आत्यानं ती उचलली आणि केसात माळली. मग घाईघाईनं कॉफी ओतायला लागली, कारण तिला तसं उभं राहणं जमेना.

गुंडेरावांनी घसा साफ केला. "वनजाबाई, सॉरी," ते म्हणाले. पुरेसं मोठ्यानं. साकेतकडं बघून त्यांनी भुवई उडवली, झालं का तुझं, अशी. आणि मग आत जाऊन गंगाधररावांच्या उशाशी स्वतः कॉफी ठेवून आले. पथ्याप्रमाणं, घोटभरच.

"पुढच्या वर्षी पेटीला जागच्या जागी कुंकू," पूजिता म्हणाली. "आणि मी दोघींना वेगळा रंग देते. आणि पूजा झाली की दोन्ही नंबर लावून बघायचे. माझीच चूक. मी यंत्राचा विचार केला, दसऱ्याचा केलाच नाही."

"कंत्राट तुझंच," अज्जा म्हणाले.

तिनं पेट्या आपापल्या जागी लावल्या. हॉलची आधी फुंकून साफ केली, मुंग्या अंगणात झाडल्या, मारल्या नाहीत. रिसेप्शनच्या फळीवरचा दिवा लाल झाला, मग लुकलुकायला लागला.

"हाक मारतेय," आत्या म्हणाली.

सगळे त्या तिळाएवढ्या दिव्याकडं बघत उभे राहिले. सेक्रेटरी, प्रेसिडेंट, इंजिनियर, दाराची चौकट धरून उभी राहिलेली सहाना. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

"हजेरी लागली," आत्या म्हणाली.

साकेतला तिला काहीतरी सांगायचं होतं. सकाळपासून सांगायचं होतं, खरं तर शाळा सोडली त्या दिवसापासून. जेव आधी, असं ती म्हणाली होती, त्याबद्दल. त्याला रागवायचे शब्द भरपूर यायचे. हे यायचे नाहीत. तो काउंटरला रेलला, किल्ली बोटाभोवती फिरवली, थांबवली.

"आत्या."

"काय रे?"

फोन वाजला. इथं, काउंटरवर, मोठ्यानं. आत्यानं पहिली रिंग पुरी होऊ दिली नाही.

"नमस्कार, डायलिसिस सेंटर. हां अम्मा, बोला. हो, ऐकू येतंय, चांगलं ऐकू येतंय." ती ऐकत होती आणि मान डोलवत होती, आणि तिच्या केसातली शेवंती पण डोलत होती. "हुणसूर रस्ता, शाळेच्या पुढं. हो, आमची व्हॅन येते. घाबरू नका." तिनं रिसीव्हर हातानं झाकला आणि साकेतकडं बघितलं. "तू काहीतरी म्हणत होतास."

"परत आल्यावर सांगतो," साकेत म्हणाला. "मला निघायला पाहिजे आता."